लेगोचा रेल्वेचा डबा खराखुरा कसा दिसेल: आधी वळण बघा, मग डबा बांधा

लेगोची गाडी बनवायची म्हटलं की सगळे आधी इंजिनाच्या मागं लागतात, दिसायला भारी असतं म्हणून. पण गाडी खरी वाटते का खेळण्यातली वाटते हे ठरतं डब्यांवरून. इंजिन एकच असतं, डबे पाच-सहा असतात, आणि आपण लहानपणापासून फलाटावर उभं राहून बघितलेत ते डबेच. परभणी, पूर्णा, जालना कुठल्याही स्टेशनवरच्या माणसाला विचारा, जनरल कुठला, स्लीपर कुठला, एसी कुठला हे तो लांबूनच सांगतो. त्यामुळं डबा जरा जरी बेढब झाला तरी लगेच खटकतो, काय चुकलंय ते नेमकं सांगता येत नाही पण खटकतो.

माझं सरळ म्हणणं असंय की डबा खरा वाटायला बारीक डिटेल लई लागत नाही. लागतात तीन गोष्टी: लांबी-रुंदीचं प्रमाण, खिडक्यांची लय आणि दोन डब्यांमधली फट. आणि गंमत म्हणजे यातल्या दोन गोष्टी तुमच्या हातात नाहीत, त्या तुमच्या रुळाच्या वळणाच्या हातात आहेत. म्हणून ब्रिक विकत घ्यायच्या आधी वळण कुठलं वापरणार ते ठरवा. लोक उलटं करतात, मस्त लांब डबा बांधतात आणि मग तो पहिल्याच वळणावर अडकतो.

आधी थोडा हिशोब, कंटाळा करू नका. लेगोत एका स्टडपासून, म्हणजे ब्रिकच्या डोक्यावरच्या गोल उंचवट्यापासून, दुसऱ्या स्टडपर्यंत ८ मिलिमीटर. ब्रिकची उंची ९.६, प्लेटची ३.२, म्हणजे तीन प्लेट एकावर एक ठेवल्या की एक ब्रिक. आणि पाच प्लेटची उंची १६ मिमी, म्हणजे बरोब्बर दोन स्टडची रुंदी. हे शेवटचं पाठच करून ठेवा, पुढची सगळी भिंत यावरच उभी राहणार आहे.

आता खरा डबा. जुना निळा आयसीएफ डबा, म्हणजे चेन्नईच्या पेरांबूरला १९५५ पासून २०१८ पर्यंत ज्या घराण्याचे डबे बनले तो, २१.३४ मीटर लांब, ३.२४५ मीटर रुंद आणि रुळापासून छपरापर्यंत साधारण ४.०२५ मीटर उंच. नवीन एलएचबी डबा मूळ जर्मन डिझाइनचा, तो २३.५४ मीटर लांब आणि रुंदी जवळपास तेवढीच, ३.२४. म्हणजे दोन मीटरहून जास्त लांब, तेवढ्याच रुंदीत. फोटोत एलएचबी जरा सडपातळ दिसतो तो यामुळंच.

लेगोच्या रुळाचं अंतर आतून मोजलं तर साधारण साडेसदतीस मिमी. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी. भागाकार केला की येतं साधारण एकास ४५. या हिशोबानं डब्याची रुंदी येते ७२ मिमी, म्हणजे नेमके नऊ स्टड! आपला ब्रॉडगेजचा डबा नऊ स्टडला रुळाशी तंतोतंत जुळतो, भारी वाटतं ऐकायला. पण लांबी जाते ५९ स्टडवर, म्हणजे एक डबा जवळपास अर्धा मीटर, आणि नऊ हा विषम आकडा असल्यामुळं चाकं मधोमध बसवायला सगळीकडं जम्पर प्लेट, म्हणजे अर्धा स्टड सरकवून देणारी प्लेट, लावत बसावं लागतं. ज्याच्याकडं हॉल मोठा आणि धीर मोठा त्यानं करावं.

बाकीच्यांनी आठ स्टड रुंद करा. ६४ मिमी, प्रमाण एकास ५१च्या आसपास, आयसीएफची लांबी साडेबावन्न स्टड, एलएचबीची ५८. रूळ थोडा रुंद पडतो पण डोळ्याला कळत नाही. सहा स्टड रुंदीचा डबा स्वस्तात होतो, लेगोच्या बऱ्याच तयार सेटमधले डबे त्याच रुंदीचे असतात, पण त्यात खिडकीचे गज, आतली खिडकी, दरवाजा हे सगळं दाटीवाटीनं बसतं. मी आठच सांगेन.

आता वळण. लेगोचं साधं वळण म्हणजे आर ४०, मध्यापासून ४० स्टड त्रिज्या, आणि १६ तुकड्यांत पूर्ण वर्तुळ. त्यावर ४८ स्टड लांबीचा डबा ठेवला आणि दोन्ही बोग्या, म्हणजे खालच्या चाकांच्या गाड्या, एकमेकींपासून ३२ स्टडवर असल्या तर डब्याचं पोट रुळाच्या मध्यापासून सव्वातीन-साडेतीन स्टड आत जातं आणि टोकं जवळजवळ चार स्टड बाहेर फेकली जातात. त्यात डब्याची अर्धी रुंदी मिळवा, म्हणजे रुळाच्या मध्यापासून दोन्ही बाजूंनी सात-साडेसात स्टड जागा मोकळी पाहिजे. रुळाशेजारी सिग्नलचा खांब उभा केला असंल तर तो गेलाच समजा.

त्याहून वाईट हाल फटीचे. असे पाच डबे लावले की अख्खं वर्तुळ भरतं, म्हणजे दोन डब्यांमधला कोन सत्तर अंशांच्या घरात जातो आणि आतल्या बाजूचे कोपरे एकमेकांना घासतात. ते टाळायला मध्ये पाच-सहा स्टड फट ठेवावी लागते. खऱ्या गाडीत ही फट किती असते? आयसीएफ डबा बफरसकट, म्हणजे टोकाला धक्के झेलणाऱ्या गोल तुकड्यांसकट, २२.३ मीटर धरला तर दोन डब्यांमध्ये मीटरभर, म्हणजे आपल्या प्रमाणात जेमतेम अडीच स्टड. सहा स्टडची फट असली की डबे कितीही सुंदर असू द्या, गाडी तुटक दिसते, एका गाडीचे डबे वाटतच नाहीत.

म्हणून दोनच रस्ते आहेत. एकतर बाहेरच्या कंपन्यांची मोठी वळणं घ्या, आर ७२, आर ८८, आर १०४ अशी मिळतात, आर १०४वर ४८ स्टडचे डबे दोन-अडीच स्टड फटीत आरामात फिरतात, पण ते वर्तुळ आडवं सव्वा-दीड मीटरचं नाही, सतराशे मिमीच्या वर जातं, पलंग उचलून ठेवावा लागंल. नाहीतर आर ४० ठेवा आणि डबा ३६ स्टडचा करा, बोग्या २२ स्टडवर. मग पोट फक्त दीड स्टड आत जातं आणि गाडी घरच्या सतरंजीवरसुद्धा चालते. आखूड डबा म्हणजे लाज वाटायची गोष्ट नाही, लय सांभाळली तर तो लांबच वाटतो, ती लय कशी सांभाळायची ते पुढं सांगतो.

काहीही बांधायच्या आधी एक काम नक्की करा. नुसता सांगाडा बनवा: लांब प्लेटांची जमीन, खाली दोन बोग्या, टोकाला कपलिंग, बास. असे दोन सांगाडे जोडून तुमच्या वळणावरून आणि विशेष करून सांध्यावरून, म्हणजे गाडी रूळ बदलते तिथून, हातानं ढकला. सांध्यावर गाडी आधी एका बाजूला आणि लगेच दुसऱ्या बाजूला वळते, तिथं शेजारच्या दोन डब्यांची टोकं विरुद्ध दिशेला जातात आणि कपलिंग डब्याच्या अंगाला पक्कं लावलेलं असंल तर डबा सरळ रुळाखाली येतो. म्हणून मॅग्नेटचं कपलिंग बोगीला लावा, बोगीतून एक दांडी बाहेर काढून तिच्या टोकाला. बोगी रुळाबरोबर वळते, दांडीही वळते, डब्याला ताण बसत नाही. हे सांगाड्यावर जमलं की निम्मं काम झालं.

जमीन करताना एक लक्षात ठेवा, ४८ स्टडला ६×२४च्या दोन प्लेट (नंबर ३०२६) टोकाला टोक लावून चालत नाही, मधोमध सांधा येतो आणि डबा तिथंच वाकतो. वर दुसरा थर घाला, त्यात ६×१६ मध्यावर येऊ द्या, म्हणजे वरचा आणि खालचा सांधा एकाच जागी पडणार नाही. गवंडी विटा लावतो तसंच.

आता भिंत, आणि इथं जरा थांबू, कारण खरा डबा इथंच होतो.

साधी पद्धत म्हणजे ब्रिक एकावर एक रचून खिडक्या बसवायच्या. ते खेळणंच दिसतं, कारण प्रत्येक ब्रिकची आडवी रेघ दिसते आणि खिडकी भिंतीच्या तोंडावर येते. आपल्याला पाहिजे गुळगुळीत पत्रा आणि त्यात जरा आत गेलेली खिडकी. त्यासाठी भिंत आडवी लावायची, म्हणजे स्टड वर नाही तर बाहेरच्या बाजूला.

आतला गाभा सहा स्टड रुंद ठेवा. त्याच्या कडेला ब्रॅकेट लावा, १×२ – २×२ वाला, नंबर ४४७२८. हा ब्रॅकेट गाभ्यावर प्लेटसारखा बसतो आणि त्याचं एक पान बाहेरून खाली लोंबतं, त्या पानावर चार स्टड बाहेर तोंड करून असतात. या पानाची जाडी अर्धी प्लेट, १.६ मिमी. त्याच्यावर एक प्लेट आणि तिच्यावर एक टाइल, म्हणजे वर स्टड नसलेली गुळगुळीत प्लेट, लावली की १.६ अधिक ३.२ अधिक ३.२, बरोबर ८ मिमी, एक स्टड. दोन्ही बाजूंनी एकेक स्टड वाढला, सहाचे झाले आठ. कुठं कमी नाही जास्त नाही.

उंचीचंही तसंच जमतं. खऱ्या डब्याची बाजूची भिंत आपल्या प्रमाणात ४८ मिमीच्या जवळपास येते. ४८ मिमी म्हणजे पाच ब्रिक, म्हणजे पंधरा प्लेट, आणि आडव्या लावलेल्या टाइलच्या हिशोबात बरोबर सहा स्टड. गाभा पाच ब्रिक उंच, बाहेरची कातडी सहा ओळींची, दोन्ही एकाच पातळीला संपतात. वर सांगितलं ना पाच प्लेट बरोबर दोन स्टड, तेच. म्हणून पाच-पाच प्लेटच्या अंतरानं ब्रॅकेटची एक ओळ, अशा तीन ओळी. ब्रॅकेट प्रत्येक स्टडला लावत बसू नका, तीन-चार स्टडमागं एक पुरतो, कारण वरून लांब प्लेटा सगळं बांधून धरतात. गाभ्याला फक्त कडेनं एक-एक स्टडची भिंत द्या, आत चार स्टड पोकळ सोडा, नाहीतर डबा दगडासारखा जड होतो.

ब्रॅकेट महाग वाटले तर १×४ची बाजूला चार स्टड असलेली ब्रिक येते (३०४१४), ती वापरली तरी चालतं. फक्त तिला ती अर्ध्या प्लेटची जाडी नाही, त्यामुळं डबा ६४ ऐवजी ६१ मिमीच्या आसपास भरतो. सगळे डबे तसेच केले तर कुणालाच कळणार नाही, पण एक असा आणि एक तसा जोडला की लगेच दिसतं.

आता या सहा ओळी वाटून घ्या. खालच्या तीन ओळी कोऱ्या पत्र्याच्या, त्यावर दोन ओळी खिडक्यांच्या, सगळ्यात वर एक ओळ कोरी. खालचा भाग जड आणि वरची पट्टी बारीक, हेच प्रमाण आपल्या डब्याचं असतं. खिडकी जर मधोमध घेतली तर ती एसटी होते, रेल्वे राहत नाही.

स्लीपरच्या खिडकीला आडवे गज असतात, आणि लेगोत त्याला तयार तुकडा आहे, १×२ची जाळीची टाइल, नंबर २४१२. तिच्या पट्ट्या लांबीच्या दिशेनं जातात, म्हणून ती आडवी लावली की गज आडवेच येतात. अशा दोन टाइल एकाखाली एक, काळ्या किंवा गडद राखाडी, आणि त्या थेट ब्रॅकेटवर लावायच्या, मधली प्लेट वगळून. म्हणजे आजूबाजूचा पत्रा प्लेट अधिक टाइल, आणि खिडकी नुसती टाइल, ती आपोआप एक प्लेट आत जाते. खोली आली, सावली आली, आणि डबा एकदम खरा दिसायला लागतो. दोन खिडक्यांच्या मध्ये एक स्टडचा खांब, १×२ची टाइल उभी लावून.

म्हणजे खिडकी दोन स्टड, खांब एक स्टड, खिडकी दोन, खांब एक, असं सहा स्टडात एक कंपार्टमेंट. खऱ्या आयसीएफ स्लीपरमध्ये ७२ बर्थ आणि नऊ कंपार्टमेंट, एलएचबीत ८० आणि दहा. आपल्याला नऊ बसत नाहीत, हरकत नाही. टोकाला दरवाजा आणि संडास यांना सहा-सहा स्टड दिले की डब्याची लांबी होते बारा अधिक कंपार्टमेंट गुणिले सहा. चार कंपार्टमेंट घेतले तर ३६ स्टड, आर ४०ला चालणारा. सहा घेतले तर ४८. सात घेतले तर ५४, म्हणजे जवळपास खऱ्या प्रमाणाचा. डबा आखूड करायचा तर पूर्ण कंपार्टमेंट काढायचं, खिडकी बारीक करायची नाही आणि खांब खायचा नाही. वर म्हणलं ती लय हीच. बघणारा खिडक्या मोजत नाही, पण एका जागी अंतर बदललं तर त्याची नजर तिथंच अडते.

मी तर सांगतो आधी एकच कंपार्टमेंट बांधा, सहा स्टडचं, छपरासकट. टेबलावर ठेवून डोळा त्याच्या पातळीला नेऊन बघा. पटलं तरच बाकीचे तुकडे मागवा. कॉम्प्युटरवर करायचं असलं तर ब्रिकलिंक या लेगोचे तुकडे मिळणाऱ्या वेबसाइटचं स्टुडिओ सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात डबा जोडून तुकड्यांची यादी काढता येते, आणि एका बाजूची भिंतच २८८ स्टड क्षेत्रफळाची होते म्हटल्यावर यादी आधी काढलेली बरी. पण स्क्रीनवर सगळंच छान दिसतं, फट दिसत नाही, वाकणं दिसत नाही, म्हणून हातातला नमुना पाहिजेच.

टोकाचा भाग लोक घाईत उरकतात. आयसीएफ डब्यात अगदी टोकाला संडास, त्याच्या आतल्या बाजूला दरवाजा, मग कंपार्टमेंट. म्हणजे दरवाजा पार कोपऱ्यात नाही, थोडा आत. टोकापासून तीन स्टड संडासाचे, त्यात वरच्या बाजूला एक छोटी पांढुरकी खिडकी, १×१ची पांढरी टाइल पुरे. मग दोन स्टड दरवाजा, मग एक स्टड खांब. दरवाजाही खिडकीसारखाच थेट ब्रॅकेटवर, एक प्लेट आत, पण उंचीला खालपासून पाच ओळी. दरवाजाच्या दोन्ही बाजूला उभे दांडे लावा, क्लिप असलेली १×१ प्लेट आणि बारीक दांडी. खाली पायरी म्हणून एक जाळीची टाइल लोंबती ठेवा. एवढं केलं की बाकी डिटेल नसलं तरी चालतं.

लेगोचा माणूस या प्रमाणात जरा जाडजूड पडतो, उंचीला ठीक आहे पण रुंदीला दोन माणसांची जागा खातो, त्यामुळं आत बर्थ करायच्या भानगडीत पडू नका. जाळीतून आतलं दिसतही नाही. एक माणूस दारात पाय सोडून बसवा, तेवढा पुरे, बाकीची गर्दी लोक मनानं भरून घेतात.

पहिलाच डबा करताय तर स्लीपर करू नका, एसी थ्री टियर करा. एलएचबीचा एसी डबा म्हणजे लाल-राखाडी पत्रा आणि काळसर काचा, गज नाहीत, जाळी नाही. एका कंपार्टमेंटला एकच रुंद खिडकी, सहा स्टडात चार स्टड काच आणि दोन स्टड पत्रा. काच म्हणून काळी टाइल वापरा, पारदर्शक नको, पारदर्शकच्या मागं स्टड आणि ब्रॅकेट दिसतात. लांब टाइल, १×६ (६६३६) आणि १×८ (४१६२), जास्त वापरा आणि सांधे एकाखाली एक येऊ देऊ नका.

निळ्या आयसीएफला रंगाची जरा डोकेदुखी आहे. खाली गडद निळा आणि खिडक्यांच्या ओळीला फिकट निळा पट्टा. लेगोचा साधा निळा चालतो, जरा जास्त चकचकीत वाटतो पण स्वस्त आणि भरपूर मिळतो. गडद निळ्यात सगळ्या आकाराच्या टाइल शोधत बसावं लागतं. पट्ट्याला मिडियम ब्लू घ्या. खांब, खिडकीच्या कडा, दोन ओळी सगळं त्याच रंगात आणि वरची एक ओळ परत गडद. जनरल डब्याला टोकाशी वरच्या बाजूला तिरके पट्टे असतात, ते बांधण्यापेक्षा स्टिकर लावलेलं बरं.

छप्पर सोपं आहे. मध्ये चार स्टड सपाट, दोन्ही कडेला २×१चा वक्र स्लोप (११४७७), तो दोन प्लेट उंच असतो, म्हणून मध्ये प्लेट अधिक टाइल. या सगळ्याखाली एक प्लेटचा थर, झाली तीन प्लेट, एक ब्रिक. भिंतीचे ४८, छपराचे साडेनऊ आणि खाली रुळापासून बावीस मिमी धरले तर एकूण ८० मिमी, आणि खरा डबा आपल्या प्रमाणात ७९. याच्यावर अजून एक थर वाढवायचा मोह होतो, वाढवू नका. बिगर एसी आयसीएफच्या छपरावर हवा जायला झाकणं असतात, रांगेत १×१ गोल टाइल लावा, राखाडी. एलएचबी एसीला दोन्ही टोकांना एसीची पेटी, ती जाळीच्या टाइलांनी दाखवा. छप्पर चारच स्टडवर टेकवा, बाकी टाइल, म्हणजे उचलून काढता येतं.

खालचा भाग दुर्लक्षित राहतो आणि तिथंच डबा हवेत तरंगल्यासारखा दिसतो. दोन बोग्यांच्या मधली जागा रिकामी ठेवू नका, बॅटरीची पेटी, पाण्याची टाकी, ब्रेकचा सिलिंडर असे काळे आणि गडद राखाडी तुकडे लोंबते लावा, फक्त बोगी वळताना आडवे येणार नाहीत हे बघा. आयसीएफच्या बोगीत दोन चाकांमधलं अंतर २.९ मीटरच्या आसपास, आपल्याकडं सात स्टड. एलएचबीच्या बोगीत २.५६ मीटर, सहा स्टड. सात विषम असल्यामुळं मधली खीळ जम्पर प्लेटवर (१५५७३) बसवावी लागते, जमत नसंल तर सहाच ठेवा. आयसीएफच्या बोगीला प्रत्येक चाकाच्या दोन बाजूंना स्प्रिंग दिसतात, १×१ गोल प्लेट दोन-तीन एकावर एक, काम झालं. बोगी फिरवायला २×२चा टर्नटेबल पुरतो. आणखी एक फरक: आयसीएफच्या टोकाला दोन गोल बफर असतात, एलएचबीला नसतात, मध्ये एकच जाड कपलिंग. एलएचबीला बफर लावले तर रेल्वेवाला माणूस पहिल्यांदा तेच दाखवणार.

दोन डब्यांमधला रस्ता, म्हणजे तो काळा रबराचा चौकट, तो दाखवायला डब्याच्या टोकाला चार स्टड रुंद काळ्या टाइलची चौकट, एक प्लेट बाहेर. फट कमी दिसायला याची लई मदत होते. आर ४०वर फट मोठी ठेवावीच लागते, तिथं ही चौकट दोन प्लेट बाहेर काढा, ती मध्यावर असल्यामुळं कोपऱ्यांसारखी घासत नाही.

अक्षरांचं काम शहरातल्या कुठल्याही डिजिटल प्रिंटच्या दुकानात होतं. डब्याचा नंबर, एस ३, बी १, आणि गाडीच्या नावाची पाटी, देवगिरी म्हणा, तपोवन म्हणा, नंदीग्राम म्हणा, सगळं एका कागदावर मापात बसवून मॅट व्हिनाइलवर काढून घ्या. चकचकीत व्हिनाइल फोटोत चमकतं. स्टिकर एका टाइलवरच बसंल असा ठेवा, दोन टाइलवर पसरला की डबा खोलता येत नाही. आणि आपल्याकडचा उन्हाळा लक्षात ठेवा, मे महिन्यात गच्चीखालच्या खोलीत स्टिकरच्या कडा उचलतात, आणि खिडकीतून थेट ऊन पडत असलं तर पांढऱ्या आणि राखाडी ब्रिक पिवळ्या पडतात. शोकेस उन्हात नको. चाकाच्या दांडीला तेल लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, तेलाला धूळ चिकटते आणि आठवड्यात चाकं जड होतात, कोरडं पुसलेलं चाकच छान फिरतं.

वंदे भारत करू का म्हणून पोरं विचारतात, जालना–मुंबई डिसेंबर २०२३ला सुरू झाल्यापासून तर जास्तच. मधले डबे करायला सोपे आहेत, सलग काळा पट्टा आणि पांढरा पत्रा. अवघड आहे ते तोंड, सगळीकडून वळलेलं. म्हणून आधी मधले दोन डबे करा, हात बसला की तोंडाला हात घाला.

शेवटी गाडी चालवायची असंल तर वजनाकडं बघा. लेगोच्या पॉवर्ड अपच्या हबला, म्हणजे मोटर चालवणाऱ्या सेलच्या पेटीला, सहा ट्रिपल ए सेल लागतात, रिचार्जेबलच घ्या नाहीतर सेलमध्येच डब्याचे पैसे जातील. आठ रुंदीचे, आडव्या भिंतीचे डबे जड होतात, एका मोटरला तीन-चार झाले की ती वळणावर दमायला लागते, मग दुसरी मोटर गाडीत कुठंतरी घालावी लागते. लावताना सगळ्यात जड डबा इंजिनाला चिकटून आणि हलका शेवटी ठेवा. हलका डबा मध्ये आला आणि मागं जड असला तर वळणावर मागच्याच्या ओढीनं तो आतल्या बाजूला खेचला जातो आणि उलटतो. डबे तोलायला किचनमधला छोटा वजनकाटा पुरतो, वजन एका कागदावर लिहून छपराच्या आतून चिकटवा, पुढच्या वेळी गाडी लावताना परत तोलत बसायला नको.